चिमणी घेण्याआधी पाईपचा रस्ता ठरवा

स्वयंपाकघराचं काम निघालं की घरोघरी पहिला प्रश्न हाच: चिमणी किती सक्शनची घ्यायची? दुकानात गेलात तर तिथेही तेच, १२००, १४००, १५००, म्हणजे ताशी तेवढे घनमीटर हवा ओढणारी. मी इतकी वर्षं ओट्यांची कामं करतोय आणि ‘आमची चिमणी ओढतच नाही’ म्हणून बोलावणं आलं की नव्वद टक्के वेळा मशीन ठणठणीत असतं. घोळ असतो तो मशीनच्या वरच्या पाईपमध्ये.

साधा हिशेब करा. १० बाय ८ फुटांचं स्वयंपाकघर, उंची साडेनऊ फूट, म्हणजे ७६० घनफूट, साधारण साडेएकवीस घनमीटर हवा. ताशी १००० घनमीटर ओढणारी चिमणी ही सगळी हवा तासाला ४६ वेळा बाहेर टाकू शकते. त्यातली निम्मी ताकद पाईपमध्ये खर्ची पडली तरी फोडणीचा ठसका घरभर जाणार नाही. म्हणून नेहमीच्या फ्लॅटमध्ये १०००-१२००च्या पुढे पैसे घालू नका. ते पैसे पाईपसाठी ठेवा.

चिमणीची रुंदी हॉबएवढी, म्हणजे खालच्या शेगडीएवढी, तरी हवीच. दोन-तीन बर्नरच्या ६० सेंटीमीटरच्या शेगडीवर ६०ची चिमणी चालते. हॉब त्याहून रुंद असेल तर ९०चीच घ्या, नाहीतर कडेच्या बर्नरचा धूर बाजूने निसटतो. जाळी बॅफलची (बारीक भोकांऐवजी पट्ट्यांची), स्टेनलेस स्टीलची. आपल्याकडे तळण आणि फोडणी रोजची, बारीक जाळीचे फिल्टर काही दिवसांतच तुंबतात. आणि पाईपशिवायची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी घेऊ नका. ती थोडा वास अडवते, पण वाफ आणि उष्णता जशीच्या तशी तुमच्या तोंडावर परत सोडते.

आता पाईप. इथे मी स्वतः सपशेल चुकलो होतो, तेही बहिणीच्या डोंबिवलीच्या घरी. शेगडी आतल्या भिंतीला आणि खिडकी पलीकडच्या टोकाला. मी माळ्यावरून लवचीक ॲल्युमिनियमचा पाईप फिरवला, जवळजवळ १४ फूट, तीन वळणं. खिडकीच्या काचेत आधीच्या एक्झॉस्टचं चार इंची भोक होतं, म्हणून शेवटी ६ इंचाला रिड्यूसर (पाईप अरुंद करणारा जोड) लावून ४ इंचावर आणला. दिसायला काम झकास झालं. पहिल्याच श्रावणाआधी तिने बोंबील तळले आणि वास तीन दिवस गादी-पडद्यांतून गेला नाही. दोन महिन्यांनी तिचा फोन: ‘दादा, भाकरी थापत होते आणि वरून परातीत काहीतरी टपकलं.’ जाऊन पाहिलं तर सांध्यातून तेल झिरपत होतं, काळपट पिवळं, मधासारखं घट्ट. माळ्यावरचा पाईप मध्येच झोळीसारखा लोंबला होता आणि त्या झोळीत वाटीभर तेल साठलं होतं. तो सगळा पाईप मी काढून फेकला आणि शेगडीची जागाच बदलली. खर्च माझा.

त्यानंतर माझ्या कामात चार गोष्टी ठरून गेल्या आणि त्यांत मी कुणाचं ऐकत नाही. चिमणीचं तोंड ६ इंची असेल तर शेवटपर्यंत ६ इंच. ६चा ४ केलात की वाटेचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होतं. आवाज वाढतो, ओढ मरते आणि दोष बिचाऱ्या मोटरवर येतो. दुसरं, लांबी १० फुटांच्या आत आणि वळण शक्यतो एकच, फार तर दोन. काटकोनातला एक एल्बो (वळणाचा जोड) हवेला कित्येक फूट जास्तीच्या पाईपइतका अडवतो. वळण घ्यावंच लागलं तर मोठ्या गोलाईचं घ्या.

तिसरं, पाईप पत्र्याचा, आतून गुळगुळीत. लवचीक पाईपच्या प्रत्येक वळीत तेल धरतं. तोच वापरायची वेळ आली तर पूर्ण ताणून लावा आणि उरलेला तुकडा कापून टाका, ‘पुढे लागेल’ म्हणून आत कोंबू नका. पीव्हीसीचा पाईप सर्रास लावतात. मी लावत नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर ज्वाळ आधी चिमणीत शिरते आणि तिथे तेलकट प्लास्टिक नको. चौथं, आडव्या पाईपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. सांध्यांना ॲल्युमिनियमची टेप लावा; कापडी टेप उष्णतेने सुटते.

भिंतीतलं भोक हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. ६ इंची पाईपला साडेसहा इंचाचं भोक लागतं, ते कोअर कटिंग मशीननेच (भिंतीत गोल भोक कापणाऱ्या मशीनने) पाडून घ्या. छिन्नी-हातोड्याने पाडलं की बाहेरचं प्लास्टर ढपल्यांनी निघतं आणि पावसाळ्यात तिथूनच ओल येते. पण त्याआधी बीम कुठे आहे ते बघा. बीमला आणि कॉलमला हात लावायचा नाही, कारागीर ‘साहेब, एवढ्याने काही होत नाही’ म्हणाला तरीही नाही. सळई तुटली की ती सहजासहजी परत जोडता येत नाही आणि तो बीम एकट्या तुमचा नाही, अख्ख्या इमारतीचा आहे. खिडकीच्या लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीच्या) वर आणि बीमच्या खाली जी विटांची पट्टी उरते, तिथे जागा मिळाली तर उत्तम. पुष्कळ इमारतींत बीम थेट लिंटेलपर्यंत उतरलेला असतो. मग खिडकीची वरची एक काच काढून तिथे पत्र्याचं पॅनल बसवा आणि त्यातून पाईप काढा. सोसायटीची परवानगी आधी घ्या. संडास-बाथरूमच्या डक्टमध्ये पाईप सोडू नका, तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या घरात जातो.

बाहेरच्या टोकाला झडपेचं काउल (पाईपच्या तोंडावरची टोपी) लावा. मच्छरदाणीची जाळी तेलाने बुजते आणि उघडं तोंड ठेवलंत तर कबुतरं घरटं करतात. मुंबई-कोकणात पावसाचा मारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून असतो, शक्य असेल तर तोंड त्या बाजूला नको.

चिमणीची उंची बर्नरच्या जाळीपासून मोजा, ओट्यापासून नाही. ओट्यावर ठेवलेली शेगडीच पाच-सहा इंच उंच असते, त्यामुळे ओट्यापासून २८ मोजलेत तर प्रत्यक्षात २२-२३च उरतात. गॅससाठी २६ ते ३० इंच ठेवतात, पण कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच अंतिम. भोक पाडण्याआधी चिमणीचा रिकामा खोका त्या उंचीवर धरा आणि घरात जे रोज स्वयंपाक करतात त्यांना मोठा कुकर उचलून झाकण काढायला सांगा. कपाळ खोक्याला लागलं तर पेन्सिलची खूण तिथल्या तिथे बदला.

प्लग पॉइंट चिमणीच्या वर, बाजूला घ्या. थेट पाईपच्या मागे नको.

सगळं बसलं की उदबत्ती पेटवून पुढच्या बर्नरवर धरा. पंखा बंद, चिमणी मधल्या वेगावर. धुराची रेघ सरळ वर जाऊन जाळीत शिरायला हवी. ती डळमळत असेल तर लांबची एखादी खिडकी बोटभर उघडा. रेघ लगेच सरळ झाली तर घराला आत यायला हवाच मिळत नव्हती, म्हणजे स्वयंपाक करताना ती फट रोज ठेवावी लागेल. शेगडीशेजारचीच खिडकी उघडलीत तर मात्र वारा धूर पळवून नेतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर ही गोष्ट आणखी गंभीर आहे. बंद घरात चिमणी जोरात चालली की गीझरचा जळका वायू ती घरात ओढू शकते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंघोळ आणि तळण एकाच वेळी, दारं-खिडक्या बंद ठेवून, करू नका.

तेल तापायच्या दोन-तीन मिनिटं आधी चिमणी लावा, गॅस बंद झाल्यावर दहा मिनिटं चालू द्या. स्टीलची जाळी पंधरा दिवसांनी कढत पाणी आणि धुण्याच्या सोड्यात बुडवून ठेवा. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, काळी पडते. तिला भांड्यांचा साबण पुरे.