दहावीची टक्केवारी तोंडी कशी काढावी: एका गुणाचे वीस पैसे

दहावीचा निकाल लागला की तासाभरात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रिंट काढायला गर्दी होते. कागद हातात पडतो न पडतो तोच कुणीतरी मामा मोबाईलवर सहा विषयांची बेरीज करतो, सहाने भागतो आणि विचारतो, "सत्त्याहत्तर येताहेत, मग इथे अठ्ठ्याहत्तर पॉइंट ऐंशी कसे छापलेत?" छापलेला आकडा बरोबर असतो आणि मामाचा भागाकारही. फक्त राज्य मंडळ दहावीला सहापैकी सर्वात जास्त गुणांचे पाच विषय धरतं, म्हणजेच बेस्ट ऑफ फाइव्ह. त्यामुळे टक्केवारी ५०० वर निघते.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. समजा, गुण असे आहेत: मराठी ७४, हिंदी-संस्कृत ८३, इंग्रजी ७९, गणित ६८, विज्ञान ८१, सामाजिक शास्त्रे ७७. हिंदी-संस्कृत संयुक्त असेल तर दोन्ही मिळून १०० चा एकच विषय. बीजगणित-भूमितीचंही तसंच, पेपर दोन, विषय एक.

आधी सगळ्यात कमी गुणांवर पेन्सिलने काट मारा. इथे ते गणित. (काट मारली म्हणून तो विषय सुटला असं नाही, त्यातही पास व्हावंच लागतं.)

मग उरलेल्या पाचांची बेरीज. ७४ अधिक ८३ अधिक ७९ करत बसलं की मधे कुणी पेढा पुढे केला तरी हातचा विसरतो. त्यापेक्षा ८० हा पाया धरा आणि फक्त फरक मोजा: उणे ६, अधिक ३, उणे १, अधिक १, उणे ३. सगळे मिळून उणे ६. पाच ऐंशी चारशे, त्यातून सहा गेले, राहिले ३९४. गुण नव्वदीच्या आसपास असतील तर पाया ९० घ्या. चित्रकला किंवा खेळाचे सवलतीचे गुण असतील तर ते या बेरजेत मिळवा.

आता दुप्पट करा आणि शेवटच्या अंकाआधी टिंब द्या. ३९४ दुणे ७८८, म्हणजे ७८.८० टक्के. उलट जायचं असेल तर पाचाने गुणा: ८६.४० टक्के म्हणजे ४३२ गुण.

एक टक्का हा रुपया मानला तर एक गुण म्हणजे वीस पैसे. म्हणून ५०० वरच्या टक्केवारीत टिंबापुढे ००, २०, ४०, ६० किंवा ८० एवढंच येऊ शकतं. कुणी ८७.५० सांगितले तर एक तर त्याने आकडा गोल केलाय, नाहीतर भाजक वेगळा घेतलाय. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या २०२४ च्या निकालात ७१८ आणि ७१९ गुण बघून लोक चमकले ते अशाच हिशेबामुळे. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १ असेल, तर एकूण ७२० मधून एक प्रश्न सोडल्यास ७१६ राहतात आणि एक चुकल्यास ७१५. मधले आकडे वाढीव गुणांमुळे आले होते आणि ते गुण नंतर रद्द झाले.

बारावीला बेस्ट ऑफ फाइव्ह नाही. तिथे ६०० पैकी, म्हणून मामाचा सहाचा भागाकार तिथे चालतो. सीईटीचं पर्सेंटाइल मात्र यातल्या कशानेच निघत नाही; तुमच्या बरोबरीने किंवा मागे किती परीक्षार्थी आहेत यावर ते ठरतं.

हा हिशेब खरा उपयोगी पडतो तो गुणपडताळणीच्या वेळी. वरच्या मुलाला ८० टक्के हवेत, म्हणजे ४०० गुण. सहा कमी पडतात. घरचे साहजिकच म्हणणार, "गणितात फार कमी पडलेत, तोच पेपर तपासायला टाकू." पण गणितात सहा वाढून ७४ झाले तरी टक्केवारी जिथल्या तिथे राहील, कारण तेव्हाही एक ७४ वगळलाच जाणार. गणिताच्या जोरावर ८० टक्के गाठायला तिथे ८० गुण, म्हणजे बारा जास्त लागतील. इंग्रजीत मात्र सहा वाढले की काम झालं. तेव्हा फी भरण्याआधी काट मारलेला विषय कोणता, हे बघा. पुनर्मूल्यांकन, म्हणजे पेपर नव्याने तपासून हवा असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चारही जिल्ह्यांसाठी विभागीय मंडळ नाशिकलाच आहे. अर्जाची मुदत थोडी असते, त्यामुळे पेढे वाटून झाले की त्याच संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसा.