म्हाताऱ्या बोक्याला शुगर निघाली, आता घरी काय काय करायचं

आमच्या सोन्या बोक्याच्या शूच्या ट्रेभोवती मुंग्यांची रांग दिसायला लागली तेव्हा आधी मी नुसता ट्रे धूत बसले. मग लक्षात आलं की मुंग्या मातीत जिथे त्याने शू केलीये बरोब्बर तिथेच जातायत, आणि शूचे गोळे आधी लिंबाएवढे निघायचे ते आता मोसंबीएवढे निघतायत. १२ वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, सात किलोच्या वर गेलेला, दिवसभर घरात लोळणारा, त्यात पाण्याचा वाडगा तीनतीनदा भरायला लागत होता आणि एवढं खाऊनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. डायबेटीस निघाला. पहिल्या दोन महिन्यांत आमची जिथे जिथे तारांबळ उडाली ते सगळं सांगते, म्हणजे तुमची कमी उडेल.

आधी खात्री करून घ्या. मांजर घाबरलं की त्याची साखर चढते, क्लिनिकमधे कुत्री भुंकत असताना घेतलेलं रक्त ३०० दाखवू शकतं आणि मांजराला डायबेटीस नसतो पण. म्हणून रक्तातली साखर, लघवीतली साखर दोन्ही बघायचं आणि डॉक्टरांना फ्रुक्टोसामीन टेस्टबद्दल विचारायचं, ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते, त्या दिवशीच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्याच फेरीत दात दाखवा, लघवीत इन्फेक्शन आहे का ते बघा, वयस्कर असेल तर थायरॉइडही करून घ्या. किडलेले दात किंवा लघवीचं इन्फेक्शन तसंच राहिलं तर इन्सुलिन देऊनही साखर हलत नाही. आणि खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड चालू असेल तर ते आठवणीने सांगा, स्टिरॉइडने मांजरांची साखर वाढते. पण सांगा म्हणजे सांगाच, आपल्या मनाने बंद करू नका.

आता सिरिंज. हा भाग नीट वाचा. आपल्याकडे मेडिकलमधे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीचं मिळतं, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट, आणि दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० वाल्या सिरिंजची टोपी सहसा लाल, १०० वालीची केशरी. मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जीन नावाचं इन्सुलिन देतात, लँटस, बेसालॉग वगैरे नावाने येतं ते, आणि ते १०० चं असतं. मला मेडिकलवाल्याने ग्लार्जीनबरोबर लाल टोपीच्या सिरिंज दिल्या होत्या. घरी येऊन खोक्यावर ४० वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण त्या सिरिंजवर एक युनिटच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर आत प्रत्यक्षात अडीच युनिट गेलं असतं. माणसाला कदाचित झेपेल, पाच-सात किलोच्या जिवाला नाही. तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा आहे का ते दर वेळी नवीन खोकं उघडताना बघायचं. शक्यतो ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मागा, कारण एक युनिट म्हणजे अगदी एवढासा थेंब असतो, मोठ्या सिरिंजवर तो धड दिसतही नाही.

डोस किती ते डॉक्टरच ठरवणार. साधारण एक युनिट किंवा त्याहून कमी, दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने, असं सुरू करतात. आम्ही सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा ठरवलं कारण मला ७:१२ ची लोकल पकडायची असते. तुमची वेळ तुमच्या घराप्रमाणे ठरवा, पण जी रोज जमेल तीच ठरवा.

टोचायचं कसं, तर वाडग्यात खाणं घाला, तो खायला लागला की त्याच्या बाजूला बसा. आधी खातोय हे बघायचं, मगच टोचायचं. कुशीवरची, म्हणजे बरगड्यांच्या बाजूची कातडी दोन बोटांत हलकेच उचला, तिचा छोटासा तंबू होतो, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई कातडीला जवळजवळ समांतर आत सरकवा, दाबा, बाहेर काढा. सुई इतकी बारीक असते की सोन्या बऱ्याचदा मान पण वर करत नाही. रोज जागा थोडी बदलायची. मग तिथे बोट फिरवून बघायचं, केस ओले लागले किंवा बोटाला तो औषधी हॉस्पिटलसारखा वास आला तर इन्सुलिन केसांत सांडलंय. अशा वेळी, आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे, दुसरं टोचायचं नाही. किती आत गेलं आणि किती सांडलं ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे तो डोस गेला म्हणायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एक डोस चुकला तर साखर थोडी चढेल, डबल गेला तर जीव धोक्यात येतो. आमच्याकडे फ्रीजवर कॅलेंडर आहे, टोचलं की लगेच सकाळी स आणि संध्याकाळी सं लिहायचं, नाहीतर मी दिलं, आईने पण दिलं असं व्हायला वेळ लागत नाही.

बाटली फ्रीजमधे ठेवायची पण फ्रीजरजवळ नाही (एकदा गोठलं की ते फेकायचंच) आणि दारातल्या कप्प्यातही नको, तिथे दर उघडझाप झाली की गरम हवा लागते आणि बाटली हिंदकळते. ग्लार्जीन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं किंवा आत कण दिसले तर वापरू नका. त्यात पाणी बिणी घालून पातळ करायचं नाही, खळखळ हलवायचं नाही.

खाण्यावर मात्र मी जास्त बोलणार आहे कारण अर्धा आजार तिथे आहे. मांजर हे मांस खाणारं जनावर, त्याच्या शरीराला पिठूळ खाणं पचवायची फारशी सवय नाही, आणि आपण त्याला काय देतो, दूध-पोळी, दूध-भात, चहाबरोबर मारी. आमच्या आईचं रोजचं होतं, संध्याकाळी चार वाजता ती बशीत दूध घेऊन त्यात बिस्किट कुस्करून ठेवायची आणि सोन्या बरोबर चारला तिच्या खुर्चीपाशी येऊन बसायचा. ते बंद करणं आईला फार जड गेलं. शेवटी आम्ही चारची वेळ तशीच ठेवली, बशी पण तीच ठेवली, फक्त त्यात उकडलेल्या चिकनचे चार तुकडे, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. सोन्याला फरक पडला नाही, त्याला आईजवळ बसायचं होतं.

सुका दाणाही बघून घ्या. पाकिटाच्या मागे प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा, ॲश (म्हणजे क्षार) असे आकडे असतात, ते सगळे मिळवून १०० मधून वजा करा, उरलं ते कार्ब, म्हणजे पिठूळ-साखरेचा भाग. ॲश लिहिलेली नसेल तर सुक्यात आठ आणि ओल्यात दोन धरा. समजा सुक्या दाण्यात प्रोटीन ३२, फॅट १२, फायबर ४, ओलावा १०, ॲश ८, तर कार्ब राहिलं ३४, म्हणजे पाकिटातला एक तृतीयांश भाग. ओल्या पाऊचमधे प्रोटीन १०, फॅट ४, फायबर १, ओलावा ८०, ॲश २ असेल तर उरतात ३. म्हणून डायबेटीसच्या मांजराला ओलं, जास्त प्रोटीनचं खाणं बरं. पण पाऊच पाऊचमधे फरक असतो, ग्रेव्हीवाल्यात पीठ घातलेलं असू शकतं, तेव्हा आकडे काढूनच घ्या. आणि नुसतं उकडलेलं चिकन हेच रोजचं जेवण करू नका, त्यात कॅल्शियम नसतं, टॉरीन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागतं असं एक द्रव्य) पुरेल एवढं मिळत नाही आणि टॉरीन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे जातात.

इथेच माझी मोठी चूक झाली. हे सगळं वाचून उत्साहाने मी चार दिवसांत सुका दाणा पूर्ण बंद करून ओलं सुरू केलं आणि डॉक्टरांना कळवलंच नाही. खाण्यातलं कार्ब कमी झालं की इन्सुलिनची गरजही झपाट्याने कमी होते, आणि डोस तर तोच चालू. पाचव्या दिवशी पहाटे पाचला किचनच्या उंबऱ्याशी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. सोन्या उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि मागचे पाय बाजूला फेकले जात होते, डोळे मोठे, माझ्याकडे बघतोय पण ओळखत नाहीये असं. कानातून रक्त काढलं, मीटरवर ४३, म्हणजे साखर फारच खाली. बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा चोळला, पाचेक मिनिटांत तो जीभ फिरवायला लागला, मग खाणं पुढे केलं तर तुटून पडला. दर पंधरा मिनिटांनी साखर बघत बसले आणि डॉक्टरांना फोन केला. त्या सकाळचा डोस दिला नाही, नंतरचा डोस त्यांनी निम्मा केला.

तेव्हा लक्षात ठेवा, साखर उतरल्याची लक्षणं म्हणजे झोकांड्या जाणं, अचानक हावरटासारखं खाणं किंवा उलट एकदम गळून पडणं, थरथर, आणि शेवटी झटके. खाऊ शकत असेल तर लगेच खायला घाला. नसेल तर मध, साखरेचा पाक, ग्लुकोज पावडर दोन थेंब पाण्यात कालवून, जे हाताशी असेल ते हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल, झटका चालू असेल तर तोंडात बोट घालू नका. आणि शुद्धीवर आला तरी डॉक्टरांकडे न्या, मधाचा असर थोडाच वेळ टिकतो, इन्सुलिन आत तसंच असतं. रात्री चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आजच शोधून ठेवा, पहाटे पाचला शोधत बसू नका. आणि खाणं बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, हळूहळू बदला, साखर बघत बदला.

साखर घरी बघता येते आणि बघायलाच पाहिजे. माणसांचंच ग्लुकोमीटर चालतं, फक्त ते मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा सहसा कमी आकडा दाखवतं, हे डॉक्टरांना माहीत असतं, कुठलं मीटर वापरताय ते त्यांना सांगा आणि तेच कायम वापरा. कान आधी गरम करायचा, मी जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ भरून तव्यावर जरा शेकून घेते आणि स्वतःच्या गालाला लावून बघून मग त्याच्या कानाला लावते. कानाच्या कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवायचं म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब होऊन उभं राहतं. आत कापूस धरून कडेला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, मग कापसाने दाबून धरायचं आणि लगेच चिकनचा तुकडा. पहिले चार-पाच दिवस पट्ट्या वाया जातात, जाऊ द्या. आमचा सोन्या आता मोजा दिसला की स्वतः येऊन बसतो. डोसच्या आधी आकडा नेहमीपेक्षा बराच खाली असेल तर टोचायच्या आधी फोन करायचा. अधूनमधून डॉक्टर दिवसभराचं, दर दोन तासांनी, असं रीडिंग मागतात, ते सुट्टीच्या दिवशी घरीच करा, क्लिनिकमधल्या भीतीने आकडे फुगतात. दंडाला लावायचा १४ दिवसांचा सेन्सर मांजरांनाही लावतात, महाग पडतो आणि काही मांजरं तो उपटून काढतात, पण सुरुवातीच्या दिवसांत एकदा परवडत असेल तर लावून घ्या, रात्री काय होतं ते कळतं.

उलट्या बाजूचा धोका पण आहे. बोका खात नाही, उलट्या करतोय, मलूल पडलाय, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर ते कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात साचतात ती आम्लं) वाढल्याचं असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल. नुसतं खाल्लं नाही तरी पूर्ण डोस टोचून मोकळं व्हायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि उद्या खाईल म्हणून वाट बघू नका, जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते.

कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पावडर, आजोबांची मेटफॉर्मिन, यातलं काही देऊ नका. अमेरिकेतल्या भाच्याने मला मांजरांच्या डायबेटीसवरच्या तोंडाने द्यायच्या औषधाबद्दल कळवलं होतं. खरं आहे, तिथे २०२२ च्या डिसेंबरात बेक्साकॅटला आणि २०२३ मधे सेनव्हेल्गोला मंजुरी मिळाली, दिवसातून एकदा तोंडाने द्यायची औषधं आहेत. पण ज्याला आधी इन्सुलिन सुरू झालंय त्याच्यासाठी ती नाहीत, आणि त्यात साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात. कोणाच्या बॅगेतून मागवून द्यायची ती गोष्ट नाही.

वही ठेवा. पाणी मापाच्या जगने घाला आणि दिवसाअखेर किती उरलं ते लिहा, आठवड्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. आम्हाला आधी पाण्यातच फरक दिसला, आकड्यांच्याही आधी. सोन्याचे मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकायचे, ससा बसतो तसे, डायबेटीसने नसा दुखावल्या की असं होतं. साखर ताब्यात आल्यावर हळूहळू, काही महिन्यांत, तो परत पंजांवर चालायला लागला आणि एक दिवस सोफ्यावर उडी मारून चढला. काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं पण, विशेषतः लवकर सुरुवात झाली आणि खाणं सांभाळलं तर, म्हणूनही घरी साखर बघत राहायचं, गरज संपलेली असताना टोचत राहिलो तर परत ती पहाट. सोन्याचं अजून सुटलेलं नाही, अर्ध्या युनिटवर आहे.

वापरलेल्या सुया घंटागाडीच्या कचऱ्यात सुट्या टाकू नका, तो कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतं. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकत जा, भरली की झाकण घट्ट लावून डॉक्टरांकडे किंवा लॅबमधे विचारून नेऊन द्या.

आणि गणपतीला गावी जायच्या आधी शेजारच्या काकूंना किंवा ज्यांच्याकडे किल्ली देणार त्यांना निदान चार दिवस तुमच्यासमोर टोचायला लावा. आमच्या फ्रीजवर त्यांच्यासाठी कागद आहे: केशरी टोपी, अर्धा युनिट, खाल्लं तरच, शंका आली तर टोचायचं नाही, मध ओट्यावर डाव्या हाताला, डॉक्टरांचा नंबर खाली.