चावी कोणाकडे?

वस्तीपातळीवरच्या कामात नव्याने येणारी मुलंमुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सुरुवात कुठून करायची? मी त्यांना उलट विचारते, तुम्ही निघून गेल्यावर चावी कोणाकडे राहणार? ती गोंधळतात. त्यांच्या वयाची असताना मीही गोंधळलेच असते. ही चावी खरीखुरी, लोखंडी होती आणि दोन महिने माझ्या पिशवीत होती.

समाजकार्याची पदवी घेऊन मी एका संस्थेत 'समुदाय संघटक' म्हणून रुजू झाले होते. पहिलं काम म्हणजे पुस्तकांचं एक कपाट. वस्तीतल्या सामाईक खोलीत ते ठेवलं, गोळा केलेली एकशे चाळीस पुस्तकं लावली आणि दारावर नियमांचा कागद चिकटवला. नियम मी एका संध्याकाळी घरी बसून केले होते. एका वेळी एकच पुस्तक, सात दिवसांची मुदत, उशीर झाला तर दंड, फाटलं तर भरपाई. बुधवारी आणि शनिवारी मी जायची, कुलूप उघडायची, नोंद करायची, कुलूप लावायची. मासिक अहवालात 'वाचनालय सुरळीत सुरू आहे' हे वाक्य मीच लिहिलेलं.

मग आजारी पडले. अकरा दिवसांनी गेले तर कुलूप जसंच्या तसं आणि कपाट निम्मं रिकामं. बिजागरीचे स्क्रू काढून कोणीतरी दार उलट्या बाजूने उघडलं होतं आणि परत नीट टेकवून ठेवलं होतं. चोरी झाली म्हणून मी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. वहीत नाव, पुस्तक, तारीख. शिवाय माझ्या रजिस्टरात नसलेला एक रकाना, 'पुढे कोणाला दिलं'. कारण पुस्तकं कपाटात परत न येता या घरातून त्या घरात फिरत होती. मागच्या पानावर त्यांचे नियम होते. लहान मुलांना दोन पुस्तकं, कारण ती पातळ असतात. फाडलं त्याने तिथंच बसून चिकटवायचं. उशीर केला त्याला पुढच्या खेपेला सगळ्यांत शेवटी निवडायला मिळणार. दंड नाहीच.

"दंड का नाही?" मी विचारलं.

"दंड असला की मुलं घाबरून पुस्तक आणतच नाहीत, ताई."

आणि स्क्रू? "चावी तुमच्याकडं होती ना. मग काय करणार?"

एकही पुस्तक हरवलं नव्हतं.

२००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम, ते मिळवणाऱ्या पहिल्या महिला, यांचं काम नेमकं याच गोष्टीवर आहे. पाटाचं पाणी, चराऊ कुरणं, जंगलं, मासेमारीच्या जागा अशा सामाईक गोष्टी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कुठे नीट टिकवल्या आणि का, हे त्यांनी जगभरातून पाहिलं. टिकलेल्या ठिकाणी नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात होता, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना जाब देणारे होते, आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी, पुढे चढती होती. हे आम्हाला अभ्यासक्रमात होतं. परीक्षेत मी त्यावर छान लिहिलंही होतं. पण बिजागरीचे स्क्रू बघेपर्यंत ते डोक्यात उतरलं नव्हतं. पदवीचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पदवीने त्या वहीला काय म्हणायचं ते मला कळलं. ती वही लिहिणं मात्र पदवीने शिकवलं नसतं.

दुसरं काम सार्वजनिक नळाचं. नळ गळत होता, खाली कायम डबकं. मी बैठक बोलावली आणि नवखा माणूस विचारतो तेच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" उत्तरं आली दवाखाना, सभागृह, शिवणयंत्रं. डबक्याचं नाव कोणीच काढलं नाही. मला आश्चर्य वाटलं, रागही आला. नंतर कळलं की बाहेरची माणसं काय देऊ शकतात याचा वस्तीला दांडगा अनुभव असतो आणि लोक त्या बेताने मागतात. तो प्रश्न मी तेव्हापासून सोडला. आता विचारते, "मागच्या वेळी बिघडलं तेव्हा कोणी दुरुस्त केलं?"

या प्रश्नाला नाव मिळतं. आमच्या नळाच्या बाबतीत मिळालं एका म्हाताऱ्या आजोबांचं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ते खिशात घेऊन फिरायचे आणि नळ फार गळायला लागला की गच्च आवळून बांधायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. पट्टी आठवडाभर टिकायची. त्यांना खरं तर नळ उघडता येत होता, पण पाना नव्हता आणि वायसर कुठल्या मापाचा लागतो ते माहीत नव्हतं. आमचा प्रकल्प शेवटी एवढाच झाला. एक पाना, वायसरची एक पुडी, आजोबांच्या हाताखाली शिकायला दोन पोरं आणि डबक्यातून गटारापर्यंत एक उथळ चर. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याला दोन ओळी मिळाल्या. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यांत जास्त टिकलेलं काम तेच.

याचा मोठा धडा हातपंपांनी जगाला दिलेला आहे. १९७० च्या दशकात सोलापूर पंपाच्या धर्तीवर, युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क टू' तयार झाला. दणकट, भरवशाचा, लाखोंनी बसलेला. पण जमिनीखाली काही बिघडलं की जड पाइप वर ओढून काढावे लागत आणि त्यासाठी गाडी, अवजारं, प्रशिक्षित माणसं यांची वाट बघावी लागे. म्हणून १९८० च्या दशकात गावातल्या माणसांनाच दुरुस्त करता येईल असा पंप हवा, ही अट पुढे आली. पूर्व आफ्रिकेत घडलेल्या 'आफ्रिदेव' पंपात पाइप जागेवर ठेवून पिस्टन आणि तळाची झडप वर काढता येते, आणि बरंचसं काम एका पान्यावर होतं. यंत्र बनवतानाच चावी कोणाकडे राहणार हे ठरवलं होतं.

याच्या उलटही झालेलं आहे. मुलांनी गोल चक्र फिरवायचं आणि त्या खेळातून पाणी उपसलं जायचं, अशी 'प्लेपंप'ची कल्पना होती. ऐकताक्षणी आवडावी अशीच. २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचं ठरलं, मोठमोठ्या लोकांनी २००६ मध्ये निधी जाहीर केला. पण पाणी हवं असतं तेव्हा मुलं खेळत असतीलच असं नाही. अनेक ठिकाणी ते चक्र बायकांनाच ढकलावं लागलं आणि बिघडल्यावर स्थानिक मिस्त्रीला त्यात हात घालता येईना. ते लक्ष्य सोडून द्यावं लागलं. ऐकताक्षणी टाळ्या मिळणारी कल्पना सुचली की मी आता जरा सावध होते.

'चेंजमेकर' हा शब्दही मला अंगाला बसत नाही. बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या 'अशोका' संस्थेने तो जगभर रुळवला आणि त्यामागचा विचार चांगला आहे, प्रत्येकाला बदल घडवता यावा. पण नव्या मुलांच्या ओळखपत्रावर तो छापलेला दिसला की मला खिशात ट्यूबच्या पट्ट्या घेऊन फिरणारे आजोबा आठवतात. 'कार्यकर्ता' हा आपला शब्द पुरे आहे, त्यात काम आधी येतं.

आता रोजच्या कामाचं थोडं. पहिले तीन महिने काहीही सुरू करू नका. संस्थेला हे आवडत नाही, कारण निधी देणाऱ्यांना तिमाहीत आकडे हवे असतात. तरी वेळ मागून घ्या. सकाळी, दुपारी, रात्री अशा वेगवेगळ्या वेळी वस्तीत फिरा. जमिनीवर खडूने वस्तीचा नकाशा लोकांकडूनच काढून घ्या आणि खडू तुमच्या हातात धरू नका. पहिल्या नकाशात काय राहून गेलं ते बघा. आमच्या नकाशात शेवटची गल्ली नव्हतीच. त्या गल्लीतलं बैठकीला कोणी येत नव्हतं आणि मला दोन महिने ते लक्षातही आलं नव्हतं. त्या गल्लीतल्या बायका कामावरून परतायच्या तोवर आमची बैठक उठलेली असायची. वेळ बदलली, त्या आल्या, आणि रस्त्यावरचा बंद दिवा हा विषय पहिल्यांदा निघाला.

दिव्यासाठी अर्ज करावा लागला. अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नव्हता असं समजा. माझा पहिला अर्ज तसाच 'कधी आलाच नव्हता'. दुसऱ्या वेळी मी गेले नाही, त्या गल्लीतल्या तिघीजणी गेल्या आणि पोच घेऊन आल्या. पुढच्या प्रत्येक अर्जाला त्यांना माझी गरज लागली नाही. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तळाला लोकांना नुसतं वापरून घेणं, वर टोकाला लोकांचाच कारभार. चौथी पायरी सल्लामसलतीची. लोकांचं ऐकून घेतलं, चहापान झालं, निर्णय मात्र आपल्याच हातात. आर्नस्टीन याला दिखाऊ सहभागात धरतात. आपण वर आहोत असं वाटत असताना मी बरीच वर्षं या चौथ्या पायरीवरच उभी होते. तुमच्या अहवालात 'लोकांशी चर्चा केली' असं वाक्य आलं की थांबून बघा, चर्चेने तुमच्या आराखड्यातलं नेमकं काय बदललं?

पैशाचा हिशेब भिंतीवर लावा. जमा, खर्च, शिल्लक, मोठ्या अक्षरांत, दर महिन्याला. लोक वाचत नाहीत असं वाटतं, पण एका महिन्यात बेरीज चुकली तेव्हा संध्याकाळपर्यंत चौघांनी येऊन सांगितलं.

मोजायचं काय, हेही आधी ठरवा. केनियात १९७७ मध्ये वांगारी मथाई यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. त्याआधीचा त्यांचा रोपांचा पहिला प्रयत्न फसला होता. चळवळीत गावोगावच्या बायका रोपं वाढवायच्या आणि त्यांना थोडा मोबदला मिळायचा, तो जगलेल्या रोपामागे. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. २००४ मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं तोवर तीन कोटींवर झाडं लागली होती. तुमच्या अहवालात 'वाटप केलेली' वस्तू असेल तर सहा महिन्यांनी वापरात असलेल्या वस्तूंचाही एक रकाना स्वतःच्या वहीत ठेवा. कोणी मागितला नाही तरी.

नोकरीबद्दल विचाराल तर पगार कमी असतो, करार वर्षावर असतो, आणि 'सेवा' म्हणून जादा तास गळ्यात मारले जातात. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही त्यांना प्रश्न विचारा. तुम्ही बाहेर पडल्यावरही चालू राहिलेलं एक काम दाखवा, म्हणावं. काही ठिकाणी लगेच पत्ता मिळतो. काही ठिकाणी छायाचित्रांचा अल्बम पुढे येतो.

मागच्या वर्षी त्या पहिल्या वस्तीवरून जाणं झालं. कपाट तिथंच आहे, कुलूप नाही, एका बिजागरीला स्क्रूऐवजी तार आहे. वही बदलली होती, अक्षरही दुसऱ्या कोणाचं. लहानांना आता तीन पुस्तकं मिळतात. मी एक पुस्तक काढून बघत होते, तेव्हा वहीवाला मुलगा म्हणाला, "आधी नाव सांगा." सांगितलं. त्याने वहीची शेवटची पानं उलटली. जुन्या वह्यांमधली येणी तिथं दर वेळी उतरवून ठेवलेली असतात. त्यात माझं नाव होतं, समोर एक पुस्तक आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची तारीख.

"हे आधी आणा," तो म्हणाला. "आणि मग तुम्हाला शेवटी निवडायला मिळणार."

घरी येऊन माळा उपसला. अजून सापडलेलं नाही.