जुन्या मॅन्युअल वाइड लेन्स डिजिटलवर लावताना : या चुका टाळा

कोपरे भुरकट आले की लोक लगेच लेन्सला नावं ठेवतात आणि विकायला काढतात. थांबा, आधी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर जोडणारी मधली कडी, म्हणजे अ‍ॅडाप्टर तपासा.

निकॉनच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जोडणी) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, सोनीच्या ई माउंटमध्ये सेन्सरपर्यंत १८ मिमी. म्हणजे अ‍ॅडाप्टर नेमका २८.५ मिमीचा हवा. स्वस्तातले अ‍ॅडाप्टर बरेचदा मुद्दाम किंचित पातळ ठेवलेले असतात, कारण जाड झाला तर लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे अगदी दूरच्या फोकसला, पोचतच नाही आणि गिऱ्हाईक माल परत करतं. १३५ मिमीच्या लेन्सवर हा फरक जेमतेम कळतो. २४ मिमीवर मात्र ०.२ मिमीची कसर राहिली, तर दूरचा डोंगर शार्प दिसतो तेव्हा फोकस रिंग ३ मीटरच्या आसपास असते.

स्क्रीनवर बघून फोकस केलं की झालं ना? साध्या लेन्सला चालतं. पण १९६७ साली आलेल्या निकॉर २४ मिमी एफ/२.८ मध्ये जवळच्या फोकससाठी आतली काही भिंगं वेगळ्या चालीने सरकतात. रिंग ३ मीटरवर, तर भिंगंही त्याच हिशेबाने बसणार. मग डोंगराच्या फोटोत कोपरे मार खातात आणि बिचारी लेन्स बदनाम होते.

अ‍ॅडाप्टर व्हर्नियरने मोजा, तोही बैठकीपासून बैठकीपर्यंत. बाहेर आलेले दाते धरू नका. बऱ्याच अ‍ॅडाप्टरचे दोन भाग स्क्रूने जोडलेले असतात. ते उघडून मध्ये कसर असेल तेवढी पितळी शिम (पातळ चकती) घालता येते. शिम सगळीकडे सारखी बसली पाहिजे, नाहीतर फोटोची एकच बाजू मऊ, म्हणजे कमी शार्प येईल. आधीपासूनच एक बाजू मऊ येत असेल तर त्याच अ‍ॅडाप्टरवर दुसरी लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला लावून क्षितिजाचा फोटो काढा. तीच बाजू पुन्हा बिघडली तर अ‍ॅडाप्टर तिरका आहे.

फोकस पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगाने चमकवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. वाइडमध्ये, त्यातही एफ/८ ला, सगळंच चमकतं. चित्र मोठं करूनच फोकस करा. लेन्सवरच्या डेप्थच्या (किती अंतरापासून किती अंतरापर्यंत शार्प येईल त्याच्या) खुणा फिल्मच्या हिशेबाच्या आहेत. एफ/८ ला फोटो काढताना एफ/४ च्या खुणा धरा.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सेन्सर हलवून भरून काढणारी सोय) असेल तर मेन्यूत फोकल लेंग्थ हाताने भरा. आधीच्या लेन्सचे ५० तसेच राहिले तर २४ मिमीवर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हातानेही फोटो हलतो.

निकॉनच्या डीएसएलआरवर १९७७ च्या आधीची, एआय (निकॉनची लेन्सचं अ‍ॅपर्चर बॉडीला कळवायची जुनी रचना) न केलेली लेन्स जोर लावून बसवू नका. बऱ्याच बॉडींवरची अ‍ॅपर्चरची नाजूक कळ मोडते.

लेन्स कोकण-मुंबईकडची असेल तर मागून टॉर्च मारून बघा. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस दिसली, तर साफ करायचा खर्च किमतीतून आधीच वजा करा. भिंगावरचं कोटिंग (पातळ थर) फंगसने खाल्लेलं असेल तर घेऊच नका.