कॅमकॉर्डरवर कीर्तन रेकॉर्ड करताना आवाज चांगला यायला हवा असेल तर: कॅमेरा कुठला घ्यायचा आणि माइक कसा जोडायचा

आमच्या गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन मी पहिल्यांदा शूट केलं तेव्हा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट कॅमेऱ्याला वायर लावली होती. हेडफोनमध्ये महाराजांचा आवाज येत होता, घरी लॅपटॉपला हेडफोन लावून एडिट केलं तेव्हाही येत होता, म्हणून रात्रीच घरच्या ग्रुपवर टाकून दिलं. सकाळी सकाळी काकूचा फोन, "अरे महाराज दिसतायत पण आवाजच नाही रे, नुसती खसखस येतेय, माझा फोन बिघडला का?" फोन बिघडलेला नव्हता. माझ्या फोनवर लावून बघितलं तर तेच, ओठ हलतायत, हात वर जातायत आणि आवाज गायब, आणि हेडफोनची पिन घातली की आवाज परत हजर. दोन तासांचं कीर्तन आणि गावातल्या निम्म्या लोकांना ते ऐकूच आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं होतं. ते का झालं ते खाली वायरच्या भागात सांगतो, कारण ही चूक आजही खूप जण करतात आणि घरी येईपर्यंत कुणाला कळत नाही.

आधी कॅमेऱ्याचं बोलू. आता सगळे मिररलेस (लेन्स बदलता येणारे फोटोवाले कॅमेरे) घ्या म्हणतात, पण कीर्तन दीड-दोन तास सलग चालतं आणि जुन्या बऱ्याच मिररलेसमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंद झाले की रेकॉर्डिंग आपोआप बंद पडायचं, नवीन काहींमध्ये ती अट नसली तरी मे महिन्याच्या मांडवात कॅमेरा तापतो हे आहेच. कॅमकॉर्डर दोन तास बिनतक्रार चालतो आणि मांडवाच्या शेवटाहून झूम करता येतं, म्हणून या कामाला मला अजून कॅमकॉर्डरच बरा वाटतो. फक्त तो घेताना लोक मेगापिक्सेल आणि फोर-के बघतात आणि कॅमेऱ्याच्या बाजूला कुठली भोकं आहेत ते बघतच नाहीत. मी तर आता झाकणं उघडूनच बघतो, बाकी सगळं नंतर.

तीन गोष्टी बघायच्या. माइक लावायचं सॉकेट आहे का, हेडफोनचं सॉकेट आहे का, आणि आवाजाची लेव्हल हाताने कमी-जास्त करता येते का. यातलं एक जरी नसेल तरी पुढे अडतं. उदाहरण सांगतो, सोनीचा सीएक्स ४०५ छोटा, हलका, घरगुती वापराला छान, पण त्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही, म्हणजे या कामाला तो बाद. पॅनासॉनिकच्या व्ही ७८५ ला माइक आणि हेडफोन दोन्ही ३.५ एमएमची सॉकेट आहेत. त्याच्या वरच्या वर्गात कॅननचे एक्सए ११, एक्सए ४० असे कॅमेरे, त्यांच्या हँडलवरच दोन एक्सएलआर सॉकेट (मोठ्या माइकच्या जाड गोल वायरची) येतात. पॅनासॉनिकचा एक्स १५०० घेत असाल तर एक लक्षात ठेवा, एक्सएलआरवालं हँडल त्याच्यासोबत येत नाही, वेगळं घ्यावं लागतं, एक्स २००० सोबत मात्र येतं. सेकंडहँड घेताना तर हँडल आहे का, ते घट्ट बसतं का आणि दोन्ही सॉकेटमधून आवाज येतो का हे दुकानातच स्वतःचा माइक लावून तपासा, विकणारा फक्त चित्र दाखवतो.

एक्सएलआरला आपल्याकडे साउंडवाले कॅनन पिन म्हणतात. कॅमेऱ्याच्या कॅनन कंपनीशी त्याचा संबंध नाही, अमेरिकेतल्या कॅनन इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीने तो कनेक्टर काढला म्हणून ते नाव. तीन पिनांचा जाड गोल जोड असतो, खटकन लॉक होतो, कुणाचा पाय अडकला तरी निघत नाही. आत १ नंबरची पिन ग्राउंड, आणि २ आणि ३ वर तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो, म्हणजे एकीवर वर तेव्हा दुसरीवर खाली. वाटेत वायरला लाइटच्या वायरची गूं गूं चिकटली तर ती दोन्हींवर सारखीच चिकटते, पुढे कॅमेरा दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे गूं गूं उडून जाते आणि आवाज तेवढा राहतो. म्हणून वीस-तीस मीटरची वायर टाकायची असेल तर एक्सएलआरच पाहिजे. ३.५ एमएमच्या साध्या वायरला हा फायदा नसतो, ती पाच-सहा मीटरच्या पुढे न्यायचीच नाही.

आता माइक. कॅमेऱ्यावर कितीही महागडा शॉटगन (समोरचाच आवाज घेणारा लांब नळीसारखा माइक) बसवा, तो मांडवाच्या शेवटी उभा राहिला की भोंग्याचा आणि पोरांचाच आवाज घेणार. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि मांडवात तर थेट आवाज उतरला तरी आजूबाजूचा घुमणारा आवाज तेवढाच राहतो. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवर उभे राहिलात की पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत आवाज एक अख्खी फ्रेम मागे. त्यामुळे माइक महाराजांजवळ आणि कॅमेरा लांब, एवढं पक्कं धरा.

स्वस्तातला रस्ता म्हणजे कॉलर माइक. बोयाचा बीवाय-एम१ तुम्ही कुणाकडे तरी बघितलाच असेल, ६ मीटर वायर, मध्ये एक छोटी डबी, तिच्यावर बटण. फोनला लावायचा तर बटण बंद, कॅमेऱ्याला लावायचा तर चालू, आणि चालू केलं की आतला एलआर ४४ सेल लागतो. पुष्कळ जण बटण फोनच्या बाजूला ठेवूनच कॅमेऱ्याला लावतात आणि माइक खराब आहे म्हणून परत करतात. कार्यक्रम झाला की बटण बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी सेल उतरलेला. पण निरूपणकार एका जागी बसलेले असतील तरच हा माइक, वारकरी कीर्तनात महाराज उभे असतात, फिरतात, टाळकऱ्यांकडे वळतात, तिथे ६ मीटर वायर पायात येणार. मग २.४ गिगाहर्ट्झवाला वायरलेस, रोडचा वायरलेस गो वगैरे. याला एकच पथ्य, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना दिसले पाहिजेत. ट्रान्समीटर महाराजांच्या कमरेला पाठीमागे खोचला आणि कॅमेरा समोर असला तर मध्ये अख्खं शरीर येतं आणि आवाज तुटतो, म्हणून तो पुढच्या बाजूलाच लावायचा.

आणि लावताना तुळशीची माळ बघा. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. महाराज वाकले की माळ माइकवर टक टक आपटते, ती टकटक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. उपरण्याच्या काठावर, माळेपासून चार बोटं बाजूला, हनुवटीपासून वीतभर खाली असा लावायचा, वायरचा एक छोटा लूप करून क्लिपमध्येच अडकवायचा म्हणजे ओढ बसली तरी खरखर होत नाही. वीणा गळ्यात असेल तर ती कुठल्या बाजूला टेकते ते आधी विचारून दुसऱ्या बाजूला लावा. आणि महाराजांना हात लावण्याआधी, "महाराज, माइक लावू का?" एवढं विचारा, शक्यतो ते व्यासपीठाकडे निघायच्या आधी, घाईत लावलेला माइक हमखास सुटतो.

सगळ्यात चांगला मार्ग मात्र मिक्सरमधून लाइन घ्यायचा, कारण तिथे महाराजांचा माइक, पेटी, पखवाज सगळं आधीच आलेलं असतं. साउंडवाल्याशी कार्यक्रमाच्या दोन तास आधी बोला, "दादा, रेकॉर्डिंगसाठी एक आउट मिळेल का, ऑक्स असेल तर बरं" असं विचारलं की बहुतेक जण आनंदाने देतात, ऐन वेळी गेलात तर त्यांचंही डोकं गरम असतं. ऑक्स म्हणजे मिक्सरमधून आवाज बाहेर घ्यायची वेगळी वाट, आणि ती यासाठी की मेन आउटमध्ये ते मांडवाच्या हिशोबाने आवाज वर-खाली करत राहतात, शिट्टी आली की एकदम खाली ओढतात, ते सगळं आपल्या रेकॉर्डिंगमध्ये येतं. ऑक्सची लेव्हल आपल्यासाठी वेगळी राहते, फक्त तो प्री-फेडर ठेवायला सांगा, म्हणजे त्यांनी चॅनलची पट्टी वर-खाली केली तरी आपला आवाज हलत नाही.

इथे एक मोठी गडबड होते. मिक्सरमधून येतो तो लाइन लेव्हलचा म्हणजे जोरदार आवाज, आणि कॅमेऱ्याचं ३.५ एमएम सॉकेट असतं माइक लेव्हलचं म्हणजे अगदी हलक्या आवाजासाठी, दोन्हींत शेकडो पटींचा फरक असतो. तसंच जोडलं तर आवाज फाटतो, आणि कॅमेऱ्यात लेव्हल कमी केली तरी फाटलेलाच राहतो, कारण तो लेव्हलच्या बटणापर्यंत पोचायच्या आधीच फाटलेला असतो. एक्सएलआरवाल्या कॅमेऱ्यांना लाइन, माइक आणि माइक अधिक ४८ व्होल्ट असा स्विच असतो, मिक्सर जोडला की तो लाइनवर ठेवायचा, ४८ व्होल्ट अजिबात नाही. ते ४८ व्होल्ट फक्त कंडेन्सर माइकसाठी, म्हणजे ज्याला चालायला वीज लागते त्या माइकसाठी. साध्या सॉकेटला मध्ये अटेन्युएटर म्हणजे आवाज कमी करणारा जोड लावावा लागतो, २५ ते ४० डेसिबलचा. तयार वायर मिळते, किंवा पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणी सोल्डरिंगवाला ओळखीचा असेल तर करून घ्या, १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १०० ओहम ग्राउंडला, साधारण ४० डेसिबल कमी होतात. कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमधून थोडं व्होल्टेज बाहेर येत असतं, म्हणून एक कपॅसिटरही मध्ये टाकायला सांगा.

आता काकूच्या फोनवरचा आवाज का गेला ते. मी वापरलेली वायर एका बाजूला एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला ३.५ एमएम स्टिरिओ पिन अशी दुकानातून तयार घेतलेली होती. तिच्यात २ नंबरची पिन टोकाला आणि ३ नंबरची मधल्या रिंगला जोडलेली. कॅमेरा टोकाला डावा आवाज समजतो आणि रिंगला उजवा. म्हणजे डावीकडे आवाज सुलटा आणि उजवीकडे तोच आवाज उलटा रेकॉर्ड झाला. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे असल्यामुळे ऐकू येतं, फक्त जरा डोक्याच्या मागून आल्यासारखं पसरट वाटतं (मला ते तेव्हा छान मोकळं वाटलं होतं), पण फोनच्या एकाच स्पीकरवर डावा-उजवा मिसळतात आणि सुलट अधिक उलट बरोबर शून्य. बरोबर वायर अशी: २ नंबर टोकाला आणि रिंगला दोन्हीकडे, १ नंबर ग्राउंडला, आणि ३ नंबर मिक्सरच्या आउटसाठी मोकळी सोडायची, साधा डायनॅमिक (वीज न लागणारा, हातात धरायचा) माइक जोडायचा असेल तर १ ला जोडायची. वायर तयार झाली की तिच्यावर रंगीत टेप गुंडाळा, म्हणजे पिशवीत दुसरीशी घोटाळा होणार नाही. आणि कुणाचं आधीच असं रेकॉर्ड होऊन बसलं असेल तर घाबरू नका, एडिटमध्ये एक चॅनल काढून टाका आणि दुसरा दोन्हीकडे कॉपी करा, सगळं परत येतं, मीही तेच करून दुसऱ्या दिवशी परत टाकलं.

गूं गूं येत असेल तर आधी कॅमेऱ्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जाते, कारण कॅमेरा आणि मिक्सर दोन वेगळ्या बोर्डांवरून अर्थ घेतात तेव्हा ती येते. तरी राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर टाका. अॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणीतरी देईल, तो कधीही ऐकू नका, ओल्या मांडवात त्याने जीव जातो.

लेव्हल ऑटोवर ठेवायची नाही. कीर्तनात हे फार जाणवतं, महाराज दृष्टांत सांगता सांगता क्षणभर थांबतात, सगळा मांडव शांत, आणि ऑटो लगेच आवाज वर ओढतो म्हणून जनरेटरची घरघर पुढे येते, मग एकदम टाळ-पखवाज सुरू झाले की सगळं दाबलं जातं आणि पहिले दोन-तीन शब्द बुडतात. ती शांतता हाच तर कीर्तनातला मोठा भाग असतो, ती तशीच राहिली पाहिजे. सुरुवातीला "जय जय राम कृष्ण हरी"चा गजर रंगतो तेव्हा टाळ पूर्ण जोरात असतात, त्याच वेळी मीटर बघा, सगळ्यात वरचा काटा उणे ६ च्या आसपास राहील अशी लेव्हल लावा, निरूपण मग उणे १८ ते उणे १२ मध्ये येतं आणि ते चालतं, हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला नाही. दोन इनपुट असतील तर एकावर मिक्सर आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्यावरचा माइक ठेवा, नुसत्या मिक्सरच्या आवाजात लोकांचा प्रतिसाद नसतो, ते ऐकायला कोरडं वाटतं.

सुरू व्हायच्या आधी एक मिनिट रेकॉर्ड करा, कार्ड काढून कार्ड रीडरने फोनला जोडा आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐका, हेडफोन न लावता. मग पूर्ण वेळ एक कान हेडफोनमध्ये. पसायदान होईपर्यंत रेकॉर्डिंग बंद करू नका, आणि शेवटी वायर ओढायच्या आधी साउंडवाल्याला "दादा, माझा आउट बंद करा" म्हणून सांगा, त्यांनी मान हलवली की मगच पिन काढा.