शाळेत लेकराला कुणी छळत असेल तर आधी जागा शोधा, नाव नंतर

लेकरू शाळेला नको म्हणतंय, बहुतेक घरांत आधी एवढंच कळतं. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. नवी कंपासपेटी पंधरा दिवसांत हरवते, मग पेन हरवतो, मग टोपी. शाळेतून आल्या आल्या ते भाकरीवर तुटून पडतं, कारण डबा दुसऱ्याच कुणी खाल्लेला असतो. आणखी एक खूण आहे, तिच्याकडे फार कमी आईबापांचं लक्ष जातं. घरी पोचताच दप्तर फेकून ते लघवीला पळतं. शाळेतल्या शौचालयाच्या दारात कुणीतरी अडवून उभं असतं, म्हणून ते दिवसभर पाणीच पीत नाही.

पोरापोरांत भांडणं होतातच. दोघं बरोबरीचे असतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळत असतील तर मोठ्यांनी मध्ये पडायची गरज नाही. पण एक बाजू दरवेळी वरचढ असेल, वयानं, अंगानं, संख्येनं किंवा गावातल्या वजनानं, आणि तेच परत परत घडत असेल, तर तो छळ आहे. तो आपोआप थांबेल म्हणून वाट बघू नका.

विचारायचं कसं

"कोण आहे सांग, बघतोच त्याला" असं म्हटलं की लेकराचं तोंड बंद होतं. त्याला गाव कळतं. नाव घेतलं की त्या पोराचा बाप निघणार, बापाबरोबर भावकी निघणार, बांधाचं जुनं भांडण आणि ग्रामपंचायतीची निवडणूक निघणार, आणि या सगळ्याचा राग उद्या शाळेत आपल्यावरच निघणार, हे त्यानं आधीच ओळखलेलं असतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: कोण हे आधी विचारू नका, कुठं आणि कधी ते विचारा.

समोर बसवून उलटतपासणी नको. शेंगा फोडताना, वैरण टाकताना, गाडीवर मागं बसवून नेताना सहज विचारा.

"मधल्या सुट्टीत कुठं असतोस?"
"वर्गातच."
"ग्राउंडवर नाही जात?"
"नाही."
"मग पाणी कुठं पितोस?"

इथं ते गप्प झालं तर तुम्हीही थांबा. पाण्याच्या टाकीपाशी काहीतरी घडतंय एवढं कळलं, आजच्यापुरतं पुष्कळ झालं. उरलेलं दोन दिवसांनी ते स्वतःच सांगेल. सांगितलं की आधी म्हणा, "बरं झालं सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही." आणि "कुणाकडं जायचं ते आपण दोघं ठरवू" असा शब्द द्या. मात्र जिवाला धोका असेल तर मोठ्या माणसांना सांगावंच लागेल, हेही त्याच वेळी सांगून ठेवा.

जागा आणि वेळ

छळ बहुतेक तिथंच होतो जिथं मोठ्या माणसाची नजर नसते. आपल्याकडच्या अशा जागा ठरलेल्या आहेत. वाडी-तांड्यावरून शाळेकडं येणारी पायवाट, एसटी स्टँडची मागची बाजू, गाडीतली शेवटची बाकं, खिचडीची रांग, टाकी, शौचालय, वसतिगृहात दिवे गेल्यानंतरची वेळ. लातूर, नांदेडला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती खोलीच.

एक वही करा. तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, तिथं आणखी कोण होतं, एवढंच लिहा. "माझ्या पोराला त्रास देतात" म्हटलं तर शाळा म्हणते, आमच्याकडं असलं काही नाही. "मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत टाकीपाशी" म्हटलं की बघावंच लागतं. उपायही सोपा निघतो. मधल्या सुट्टीत एक शिक्षक टाकीपाशी उभे राहिले, कंडक्टरनं मुलीला पुढच्या सीटवर बसवलं, वाटेवर वरच्या वर्गातली एक ताई सोबत आली, तर कुणाचंही नाव न घेता पहिल्याच आठवड्यात बराच फरक पडतो.

लेकराला काय शिकवायचं

"तूपण ठोक" हा सल्ला देऊ नका. लहानग्याला दुप्पट मार बसतो, आणि शिक्षकांना दिसतो तो नंतर मारणारा. "लक्ष देऊ नको" हाही उपयोगाचा नाही, डबा हिसकावून घेतल्यावर लक्ष कसं द्यायचं नाही? त्यापेक्षा एकच वाक्य घरी मोठ्यानं म्हणून घ्या: "माझी वही दे. मी मॅडमना सांगायला चाललो." मान वर, आवाज मोकळा, आणि म्हणून झालं की पाय सरळ स्टाफरूमकडं. तिथं उभं राहून वाद घालायचा नाही.

तुमचं लेकरू बघ्यांपैकी असेल तर त्यालाही एक युक्ती द्या. छळणाऱ्याशी बोलायचंच नाही. अडकलेल्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "चल, तुला सर बोलावतायत." एवढं सातवीतली मुलं सहज करतात. एकट्या पडलेल्या लेकराला एक सोबती मिळणं मोलाचं असतं, म्हणून रविवारी वर्गातल्या एखाद्याला घरी जेवायला बोलवा.

शाळेत कसं जायचं

आधी वर्गशिक्षकांना एकटं भेटा, शाळा सुटल्यावर. परिपाठाच्या वेळी, फाटकात, चार माणसांसमोर नको. छळणाऱ्या पोराच्या बापाचं नाव आणि जात बोलण्यात आणू नका. वही दाखवा, त्या जागेवर त्या वेळी कुणीतरी असावं एवढं मागा. आठवड्यात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना अर्ज द्या. अर्ज असा:

"माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता सहावीत शिकतो. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ त्याला अडवणे, पाणी पिऊ न देणे व डबा काढून घेणे असे प्रकार वारंवार घडले आहेत. तारखांचा तपशील सोबत जोडला आहे. सदर ठिकाणी मधल्या सुट्टीत शिक्षकांनी लक्ष ठेवावे, संबंधित मुलांशी स्वतंत्रपणे बोलावे व केलेली कार्यवाही मला आठ दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता म्हणायला जागा राहते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिच्यात ७५ टक्के सदस्य पालकच असायला हवेत. समितीच्या बैठकीत विषय मांडा. २०१७ पासून शाळेत तक्रारपेटी आणि २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असावी असे शासन निर्णय आहेत, तेव्हा दोन्ही कुठं आहेत ते विचारा. तिथंही हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. शिक्षकच मारत किंवा अपमान करत असतील तर त्याच कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. वसतिगृहातल्या रॅगिंगला महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा लागू होतो. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते.

रागाच्या भरात समोरच्यांच्या दारात मात्र जाऊ नका. ते भांडण मोठ्यांचं होतं आणि लेकराचं गाऱ्हाणं बाजूला राहतं.

वर्गात जे आपणच पेरतो

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोराला "कोयत्यावर जा" म्हणतात. वडिलांनी जीव दिलेल्या मुलीला त्यावरून टोमणे मारतात. तांड्यावरचं पोर, बोलताना अडखळणारं पोर, सावळी मुलगी, प्रत्येकाला एक नाव चिकटवलेलं असतं. ही नावं मुलं मोठ्यांकडूनच उचलतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना "अमुक जातीची मुलं उभी राहा", हंगामी वसतिगृहाची यादी करताना "ऊसतोडवाल्यांची कोण कोण?" असं भर वर्गात विचारलं की चाळीस पोरांसमोर शिक्का बसतो. शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, ही माहिती हजेरीपटावरून घ्या, नाहीतर पालकांना फोन करून घ्या. आणि आईबाप कारखान्यावर असताना लेकरू आजीजवळ राहत असेल तर शाळेत आजीचा नंबर नोंदवा, शिक्षकांची आणि तिची एकदा गाठ घालून द्या. तिला अर्ज लिहिता येत नसेल तर शेजारच्या कुणीतरी लिहून द्यावा.

जातीवरून शिवीगाळ झाली तर "पोरं आहेत" म्हणून सोडू नका. तो विषय थेट मुख्याध्यापकांकडं लेखीच न्या.

मोबाईल आणि तातडीचं

ग्रुपवर चिडवत असतील तर मेसेज पुसू नका. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. उघडे फोटो असतील तर पुरावा म्हणूनही कुणाला पुढं पाठवू नका. फोन तसाच पोलिसांना दाखवा. सायबर तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे.

अंगावर जखमा असतील, लैंगिक काही घडलं असेल, किंवा लेकरू मरणाची भाषा बोलत असेल, तर अर्जाची वाट बघू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं हे पोक्सो कायदा २०१२ नं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांनाही. शाळेचं नाव जाईल म्हणून ते दाबता येत नाही. अशा वेळी लेकराचं नाव गावात होऊ नये याची काळजी घ्या.

छळणारं लेकरू आपलं असेल तर

शाळेतून बोलावणं आलं की "आमचा तसा नाहीच" म्हणू नका आणि घरी आणून चामडीही लोळवू नका. मोठा लहानाला मारून आपलं म्हणणं खरं करतो, हेच तो पुन्हा शिकेल. घेतलेली वस्तू त्याला स्वतःच्या हातानं परत द्यायला लावा, फाटलेली वही त्याच्या खाऊच्या पैशातून भरून द्या. माफी एकट्यात मागू द्या, वर्गासमोर नको. मग शांतपणे शोधा, त्याला कुठं मार बसतोय? पुष्कळदा तो घरातच बसत असतो.

त्रास थांबला असं वाटलं तरी वही दोन महिने चालू ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारा, कारण तेव्हा ऊसतोडीमुळे वर्गातली पटसंख्या बदलते, जागा बदलतात, जुना सोबती गेलेला असतो. जूनमध्ये वर्ग किंवा शाळा बदलली तर नव्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून एवढं सांगा, की मधल्या सुट्टीत याच्याकडं थोडं बघत जा.