आज्ञांच्या विचित्र नावांचा उगम कसा तपासावा

सोलापुरातील महाविद्यालयात लिनक्स ही संगणक प्रणाली शिकताना ‘ग्रेप’, ‘ऑक’ अशी आज्ञांची नावे नुसती घोकण्यापेक्षा त्यांचा उगम स्वतः पडताळून पाहावा. जिल्ह्यातील 11 तालुक्यांची नावे एकेका ओळीत लिहून फाइल तयार करावी आणि ती युनिक्स या लिनक्सच्या पूर्वसुरी प्रणालीतील ‘ईडी’ या जुन्या एडिटरमध्ये (सक्तवसुलीवाल्या ईडीशी याचा काहीही संबंध नाही) उघडावी. मग जी, तिरपी रेघ (/), सोलापूर, पुन्हा तिरपी रेघ आणि पी असे सलग टाइप करून एंटर दाबले की उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर या दोनच ओळी पडद्यावर उमटतात. यातील जी म्हणजे ग्लोबल, पी म्हणजे प्रिंट आणि रेघांमधील मजकूर म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना), थोडक्यात आरई. ही अक्षरे जोडली की ‘ग्रेप’ होते. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांनी हीच सोय स्वतंत्र आज्ञा म्हणून वेगळी काढली.

इतर नावांसाठी ‘मॅन’ (आज्ञांची माहिती दाखवणारी आज्ञा) लिहून पुढे आज्ञेचे नाव द्यावे. ‘कॅट’च्या वर्णनात पहिलाच शब्द कॉन्कॅटिनेट, म्हणजे जोडणे, असा दिसतो. ‘ऑक’ मात्र वर्णनावरून उलगडत नाही, कारण ती 1977 मध्ये ‘ऑक’ ही मजकूर हाताळणारी भाषा घडवणाऱ्या आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत.